आठ ट्रेडमिल, चार माणसे आणि एक गाणे

मागील अंकात अमेरिकन रॉक संगीतावरील लेखात 'ओके गो' या बँडविषयी एकच वाक्य आले होते: व्यायामाच्या यंत्रांवर नाचून हा बँड जगभर पोहोचला. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्याच गाण्याला देणे भाग पडले. गाण्याचे नाव 'हिअर इट गोज अगेन', म्हणजे 'झाले, पुन्हा तेच सुरू झाले!' ज्यांनी त्याचा व्हिडिओ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका खोलीत चार-चारच्या दोन रांगांत आठ ट्रेडमिल मांडलेल्या आहेत. शेजारशेजारच्या यंत्रांचे पट्टे एकमेकांच्या उलट दिशेने फिरत आहेत. बँडमधील चौघे कमालीच्या गंभीर चेहऱ्याने, एकही वाद्य हातात न घेता, गाणे संपेपर्यंत त्या पट्ट्यांवर चालतात, घसरतात, उड्या मारतात. कॅमेरा जागचा हलत नाही आणि चित्रण मध्ये कुठेही तोडलेले नाही.

प्रश्न : हा बँड एका रात्रीत प्रसिद्ध झाला असे सर्वत्र वाचायला मिळते. ते खरे आहे का? त्यांनी त्याआधी काही केलेच नव्हते का?
— एक महाविद्यालयीन वाचक

एका रात्रीत प्रसिद्ध झालेल्यांची आधीची वर्षे मोजण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. येथे ती मोजणे सोपे आहे. बँडची स्थापना शिकागो येथे १९९८ मध्ये झाली आणि ट्रेडमिलचा व्हिडिओ ३१ जुलै २००६ रोजी लोकांसमोर आला. म्हणजे मध्ये आठ वर्षे गेली. गायक व गिटारवादक डेमियन कुलॅश आणि बासवादक टिम नॉर्डविंड यांची ओळख तर त्याहूनही जुनी. मिशिगन राज्यातील इंटरलॉकन येथे मुलांसाठी कलाशिबिरे भरतात. तेथे ते दोघे अकरा वर्षांचे असताना भेटले. बँडचे नावही त्याच शिबिरातले आहे. तेथील चित्रकलेचे एक शिक्षक मुलांना काम देऊन झाले की 'ओके, गो' म्हणजे 'चला, करा सुरू' असे म्हणत, आणि दोघा मित्रांना ते शब्द कायमचे चिकटले. ड्रमवादक डॅन कोनोप्का सुरुवातीपासूनचा. गिटार व कीबोर्ड वाजवणारा अँडी रॉस मात्र २००५ मध्ये, जुना गिटारवादक बँड सोडून गेल्यानंतर, आला. ट्रेडमिलवर दिसतात ते हे चौघे.

पहिला अल्बम २००२ मध्ये कॅपिटल या मोठ्या कंपनीने काढला. दुसरा, 'ओह नो', २००५ मध्ये आला. त्याचे ध्वनिमुद्रण स्वीडनमधील माल्मो येथे टोर योहान्सन या निर्मात्याकडे झाले होते. आपले गाणे या दुसऱ्या अल्बममधले. म्हणजे व्हिडिओ येण्याच्या सुमारे वर्षभर आधीपासून ते बाजारात होते आणि त्याने कोणाचीही झोप उडवली नव्हती.

नाचण्याची सवयही अचानक लागलेली नाही. शिकागोमध्ये 'चिक-अ-गो-गो' नावाचा एक स्थानिक दूरचित्रवाणी कार्यक्रम होता. त्यात कलाकारांनी प्रत्यक्ष वाजवायचे नसे. ध्वनिमुद्रित गाण्यावर नुसते ओठ हलवायचे. वाजवण्याचे सोंग करण्यापेक्षा सरळ नाचूच, असे या मंडळींनी ठरवले. तो नाच प्रेक्षकांना आवडला आणि पुढे मैफलींच्या शेवटी, वाद्ये खाली ठेवून, नाचाचा एक छोटा तुकडा सादर करण्याचा त्यांचा परिपाठ पडला. 'ओह नो' आल्यावर त्यातील 'अ मिलियन वेज' या गाण्यावर नवा नाच बसवायचे ठरले. कुलॅशची बहीण ट्रिश सी ही नृत्यात मुरलेली. तिने तो बसवला. तालीम कशी होते आहे हे पाहण्यासाठी कुलॅशच्या घरामागच्या अंगणात कॅमेरा लावून एक सलग चित्रण केले गेले. ती तालमीची फीत मित्रांना पाठवली, मित्रांनी आणखी मित्रांना पाठवली, आणि थोड्याच दिवसांत लाखो लोकांनी ती पाहिली. बँडच्या लोकांनी त्यातून जे ओळखले ते मला फार महत्त्वाचे वाटते. आपण मोठ्या खर्चाने केलेल्या गोष्टींपेक्षा ही अंगणातली फीत लोक अधिक प्रेमाने पाहत आहेत, हे त्यांना दिसले आणि त्यात कमीपणा न मानता त्यांनी पुढचे पाऊल त्याच वाटेने टाकले.

प्रश्न : एवढा गुंतागुंतीचा नाच खरोखर एकाच दमात चित्रित झाला, यावर माझा विश्वास बसत नाही. काही तरी हातचलाखी असणारच. आणि नसली, तरी सलग चित्रणाचे एवढे कौतुक कशासाठी? पडद्यावर शेवटी दिसते ते सारखेच ना?
— एक निवृत्त अभियंता

आपली शंका रास्त आहे, कारण त्या काळापर्यंत संगीताच्या व्हिडिओंनी आपल्याला दर दोन सेकंदांनी दृश्य बदलण्याची सवय लावून ठेवली होती. परंतु हे चित्रण सलगच आहे. फ्लोरिडा राज्यातील ऑर्लॅंडो येथे ट्रिश सीच्या घरी यंत्रे मांडून तालमी झाल्या आणि सतराव्या प्रयत्नाला हवे तसे चित्रण हाती आले. दिग्दर्शनाचे श्रेय ट्रिश आणि बँड यांना संयुक्तपणे आहे. आपल्यासारख्या शंकेखोरांना उत्तर ३१ ऑगस्ट २००६ रोजी मिळाले. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये एमटीव्हीच्या पुरस्कार-सोहळ्यात या चौघांनी हाच नाच भरल्या सभागृहासमोर प्रत्यक्ष करून दाखवला.

आपण अभियंता असल्यामुळे यातील अडचण आपल्याच भाषेत मांडतो. ट्रेडमिलच्या पट्ट्याचा उभे राहण्याजोगा भाग साधारण दीड मीटर असतो. पट्टा ताशी पाच किलोमीटर वेगाने फिरतो आहे असे धरले, तर त्याच्यावर नुसता उभा राहिलेला माणूस सुमारे एका सेकंदात दुसऱ्या टोकाला पोहोचतो. म्हणजे जी जी सुंदर 'तरंगती' हालचाल आपल्याला दिसते, ज्यात माणूस पाय न हलवता बर्फावरून घसरल्यासारखा पडद्यावरून सरकतो, तिला जेमतेम सेकंदभराचे आयुष्य आहे. त्यानंतर त्याला चालू लागावे लागते, उडी मारावी लागते किंवा जमिनीवर उतरावे लागते. उलट, त्याला पडद्यावर एका जागी स्थिर दिसायचे असेल, तर पट्ट्याच्या वेगानेच उलट चालत राहावे लागते. येथे स्थिर राहण्यासाठी श्रम करावे लागतात आणि सरकण्यासाठी काहीच करावे लागत नाही. आता शेजारच्या पट्ट्यावर पाऊल टाकण्याची वेळ आली की खरी गंमत. तो पट्टा उलट दिशेने फिरत असल्यामुळे मागच्या पायाखालची जमीन आणि पुढच्या पायाखालची जमीन यांच्या वेगांत ताशी दहा किलोमीटरचा फरक असतो. हा फरक शरीराने पचवायचा, आणि तोही तोंडावरची सुरकुती न मोडता, गाण्याच्या नेमक्या आघातावर.

यंत्राला ताल कळत नाही, हा याहून मोठा पेच. नर्तकाचा तोल गेला तर दुसरा नर्तक क्षणभर थांबून त्याला सांभाळून घेतो. गाणारा घाईत आला तर वाजवणारा त्याच्या मागे धावतो. पट्टा तसे काहीही करत नाही. ध्वनिमुद्रित गाणेही थांबत नाही. म्हणजे दोन बाजूंनी दोन न ऐकणारे, आपापल्या ठरलेल्या गतीने चाललेले, आणि मध्ये चार माणसे. अर्धे पाऊल चुकले की ती चूक तेथेच थांबत नाही. पुढच्या पट्ट्यावर माणूस चुकीच्या जागी पोहोचतो, तेथून निघायला उशीर होतो, आणि दोन-तीन हालचालींनंतर कोणीतरी कोणावर तरी आदळतो.

आता सतरा प्रयत्नांविषयी. हा आकडा काहींना मोठा वाटतो. मला तो थक्क करणारा लहान वाटतो. समजा, नाचात पन्नास धोक्याच्या जागा आहेत (हा आकडा माझ्या अंदाजाचा, हिशेबापुरता) आणि सरावाने प्रत्येक जागा शंभरात पंच्याण्णव वेळा बिनचूक येते. ऐकायला हे उत्तम वाटते. पण पन्नासही जागा एकापाठोपाठ बिनचूक येण्याची शक्यता काढली, तर ती आठ टक्क्यांहूनही कमी भरते, म्हणजे सरासरीने तेरा प्रयत्नांत एकदा. प्रत्येक जागा शंभरात नव्व्याण्णव वेळा येईल इतका सराव केला, तर हीच शक्यता साठ टक्क्यांवर जाते. सलग चित्रण करणाऱ्याचा सगळा खटाटोप हा पंच्याण्णवाचे नव्व्याण्णव करण्याचा असतो. संकलन करून जोडायचे असते, तर याची काही गरजच नव्हती. प्रत्येक जागा कधी ना कधी बरोबर आली असती आणि चांगले तुकडे उचलून जोडता आले असते.

म्हणूनच 'पडद्यावर शेवटी दिसते ते सारखेच' हे मला मान्य नाही. जोडलेल्या नाचात आपण फक्त परिणाम पाहतो. सलग नाचात पुढच्या क्षणी हा माणूस तोंडावर आपटू शकतो, ही शक्यता प्रत्येक पावलाला सोबत असते आणि पाहणाऱ्याचा श्वास तिच्यामुळे अडकतो. हे काही ओके गोने शोधून काढलेले नाही. फ्रेड अस्टेअर हा चित्रपटातला नर्तक आपला नाच डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसावा आणि शक्य तितका कमी तोडला जावा, असा आग्रह धरत असे. विनोदी नट बस्टर कीटनने १९२८ च्या 'स्टीमबोट बिल ज्युनियर' या मूकपटात घराची अख्खी दर्शनी भिंत स्वतःवर पाडून घेतली आणि उघड्या खिडकीची चौकट नेमकी त्याच्यावरून गेल्यामुळे तो जागच्या जागी उभा राहिला. तेव्हा कॅमेरा लांब आणि स्थिर होता, कारण जवळ गेला असता तर कोणाचाच विश्वास बसला नसता. कीटनचा दगडी चेहराही या चौघांनी उचललेला दिसतो. चेहऱ्यावर जरा जरी 'पाहा, आम्ही किती गमतीदार आहोत' असा भाव आला असता, तर सगळा खेळ खलास झाला असता.

प्रश्न : स्पष्ट लिहितो, राग मानू नये. हे गाणे सामान्य आहे. व्हिडिओ काढून घेतला तर ते कोणाच्याही लक्षात राहिले नसते. अशा करामतीला संगीताच्या मासिकात जागा का?
— एक जुने वर्गणीदार

राग मानण्यासारखे काही नाही. निम्मे तर मलाच पटते. व्हिडिओ नसता तर गाणे विसरले गेले असते, हे वर सांगितलेल्या तारखांवरून उघडच आहे. परंतु विसरले जाणे आणि सामान्य असणे यांत अंतर आहे, आणि हे गाणे सामान्य आहे असे मला वाटत नाही. तीन मिनिटांच्या आसपासचे, गिटारच्या तुटक, कोरड्या, घड्याळासारख्या आघातांवर उभे राहिलेले हे गाणे आहे. कडव्यात जागा मोकळी ठेवलेली आहे. ध्रुवपदात ती एकदम भरून येते, आणि सुरांची ओळ अशी घडवलेली आहे की दुसऱ्यांदा ऐकताना माणूस ती गुणगुणू लागतो. या प्रकारच्या गाण्याला अमेरिकेत पॉवर पॉप म्हणतात. त्यात नावीन्यापेक्षा घडणीला महत्त्व असते, आणि घडण येथे चोख आहे. त्याच अल्बममध्ये याहून धाडसी गाणी आहेत हे मात्र मी कबूल करतो.

आपल्या पत्रात 'व्हिडिओ काढून घेतला तर' असे शब्द आहेत. माझा मतभेद त्या शब्दांशी आहे. येथे व्हिडिओ आणि गाणे हे डबा आणि मिठाई नाहीत. ज्यापासून लांब राहायचे ठरवले त्याच्याकडेच पुन्हा पाय वळतात आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते, हा या गाण्याचा आशय आहे. आता कितीही चालले तरी माणूस जेथल्या तेथेच राहावा, यासाठी जगात एकच घरगुती यंत्र बनवलेले आहे. हा मेळ त्यांनी जाणूनबुजून साधला की तो हाताशी आला, याने मला फरक पडत नाही. पाहताना तो जाणवतो. शिवाय गाण्यातला तो घड्याळी ठेका पट्ट्यांच्या न थांबणाऱ्या फिरण्याशी इतका जुळतो की व्हिडिओ पाहिल्यानंतर गाणे नुसते ऐकले, तरी पायांखाली काहीतरी सरकत असल्याचा भास होतो. मी तर म्हणेन, या नाचाने मला गाण्याचा ताल ऐकायला शिकवले. व्हिडिओ पाहण्यापूर्वी बासची ओळ माझ्या कानांवरून तशीच निघून गेली होती.

एका बाबतीत मात्र आपली बाजू बळकट आहे. ज्या बँडला लोक 'ते ट्रेडमिलवाले' म्हणून ओळखतात, त्याच्या नव्या गाण्याची चर्चा 'या वेळी काय करामत केली' यापाशीच सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. हे ओझे त्यांनी स्वतःच्या हाताने डोक्यावर घेतले आहे.

प्रश्न : या गाण्याला कोणते पुरस्कार मिळाले? ते लोकप्रियतेच्या यादीत कितव्या क्रमांकावर होते?
— एक शालेय विद्यार्थिनी

फेब्रुवारी २००७ मध्ये लघु संगीत-व्हिडिओसाठीचा ग्रॅमी पुरस्कार. त्याच सुमारास यूट्यूबने आपले पहिले पुरस्कार दिले, त्यात सर्वांत कल्पक व्हिडिओचा मान. 'बिलबोर्ड' या संगीत-नियतकालिकाच्या अमेरिकेतील शंभर गाण्यांच्या यादीत गाण्याची सर्वोच्च जागा ३८ वी. व्हिडिओ पाहणाऱ्यांच्या मानाने हा क्रमांक साधाच आहे, आणि पुढील प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

प्रश्न : एवढ्या लोकांनी व्हिडिओ पाहिला, म्हणजे बँडला आणि कंपनीला भरपूर पैसे मिळाले असतील. मग पुढे त्यांनी कंपनी का सोडली?
— एक वाचक, व्यवसायाने लेखापाल

पाहणारे भरपूर होते. पैशांचे म्हणाल, तर नाहीच. हे नीट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली, तेव्हापासून व्हिडिओ ही जाहिरात मानली जात होती. कंपनीने खर्च करायचा, वाहिनीने तो दाखवायचा, आणि तो पाहून लोकांनी दुकानातून अल्बम विकत घ्यायचा. व्हिडिओ पाहण्याचे पैसे कोणी देत नसे, आणि त्याच्या खर्चाचा मोठा भाग पुढे कलाकाराच्या उत्पन्नातून वळता करून घेतला जाई. 'अ मिलियन वेज' आणि 'हिअर इट गोज अगेन' या दोन्ही व्हिडिओंनी ही साखळी मधेच तोडली. त्यांना ना मोठा खर्च लागला, ना वाहिनीची मेहरबानी. यूट्यूब लोकांसाठी खुले होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. गूगलने ते १६५ कोटी डॉलरना विकत घेतले ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये.

आणि लोक हा व्हिडिओ यूट्यूबवर जाऊनच पाहत होते असेही नाही. ज्याला आवडला तो तो आपल्या संकेतस्थळावर चिकटवत असे, आणि त्याचे वाचक तेथेच पाहत. पुढे कॅपिटलची मालक कंपनी ईएमआय हिचा यूट्यूबशी जो करार झाला, त्यात यूट्यूबच्या स्वतःच्या पानावर पाहिलेल्या व्हिडिओचेच पैसे कंपनीला मिळत; इतरत्र चिकटवलेल्याचे मिळत नसत. तेव्हा कंपनीने व्हिडिओ इतरत्र चिकटवण्याची सोयच बंद केली. लेखापालाच्या नजरेने पाहिले तर यात वेडेपणा नव्हता: ज्या दारातून पैसे येत नाहीत ते दार बंद करा. घोटाळा असा झाला की लोक त्याच दारातून येत होते. फेब्रुवारी २०१० मध्ये कुलॅशने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून हिशेब मांडला. सोय बंद होताच ट्रेडमिलचा व्हिडिओ पाहणाऱ्यांची संख्या नव्वद टक्क्यांनी घसरली. रोज सुमारे दहा हजार जण पाहत होते ते हजारावर आले. आणि सहा महिन्यांच्या ऑनलाइन प्रसारणापोटी बँडच्या खात्यावर कंपनीने जमा केलेली रक्कम होती २७ डॉलर ७७ सेंट. आपल्यासारख्या लेखापालाला या आकड्यावर अधिक भाष्य नको असावे.

लेख छापून आल्यानंतर काही आठवड्यांतच, मार्च २०१० मध्ये, बँडने ईएमआयशी फारकत घेतली आणि 'पॅराकाड्यूट' ही स्वतःची संस्था काढली. तेव्हापासून मोठ्या व्हिडिओंचा खर्च पुष्कळदा प्रायोजक कंपन्या उचलतात. त्यात बँडचे स्वातंत्र्य कितपत टिकते, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एवढे मात्र खरे की विमा कंपनी किंवा मोटार कंपनी पैसे देताना गाणे कसे असावे हे सहसा सांगत नाही. ध्वनिमुद्रण कंपनी सांगते.

प्रश्न : या बँडचे आणखी कोणते व्हिडिओ पाहावेत? आणि त्यांतला कोणता ट्रेडमिलच्या तोडीचा आहे?
— एक संगीतशिक्षिका

तीन सुचवतो. २०१० चा 'धिस टू शॅल पास' : लॉस एंजेलिसमधील एका दुमजली गोदामात मांडलेली एक भलीमोठी साखळी, ज्यात एक गोटी पडते, ती दुसऱ्या वस्तूला ढकलते, ती तिसऱ्याला, आणि असे होत होत गाण्याच्या अखेरीला चौघांच्या अंगावर रंग उडतो. साधे काम अत्यंत अवघड रीतीने करणाऱ्या अशा यंत्रांना अमेरिकेत व्यंगचित्रकार रूब गोल्डबर्ग याचे नाव आहे. २०१६ चा 'अपसाइड डाउन अँड इनसाइड आउट' : हा उडत्या रशियन विमानात चित्रित झाला. विमान एका विशिष्ट वक्र मार्गाने वर जाऊन खाली येत असताना आतल्या माणसांना अर्ध्या मिनिटाहून थोडा कमी काळ वजनच उरत नाही. नंतर मधली काही मिनिटे ते पुन्हा जागेवर बसतात. ही मधली मिनिटे गाळून वजनहीन तुकडे असे सांधले आहेत की सगळे एकाच तरंगण्यात घडल्यासारखे वाटते. दिग्दर्शन पुन्हा भावाबहिणीचे. ट्रिश सी दरम्यान हॉलिवूडचे चित्रपटही दिग्दर्शित करू लागली होती. तिसरा त्याच वर्षीचा 'द वन मोमेंट' : त्याच्या बहुतांश भागात जे दिसते ते प्रत्यक्षात अवघ्या ४.२ सेकंदांत घडलेले आहे. ते संथ करून गाण्याएवढे लांबवले आहे.

आपण शिक्षिका आहात म्हणून आणखी एक गोष्ट. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या सेंट थॉमस विद्यापीठाच्या साहाय्याने बँडने 'ओके गो सँडबॉक्स' नावाचा उपक्रम चालवला आहे. त्यात याच व्हिडिओंच्या आधारे शाळेत गणित, विज्ञान आणि संगीत कसे शिकवता येईल, याचे साहित्य शिक्षकांसाठी ठेवलेले आहे. ताल आणि वेग यांचा संबंध मुलांना समजावण्यासाठी याहून चांगले निमित्त मला माहीत नाही.

तोडीचा कोणता, या प्रश्नाचे माझे उत्तर पुष्कळांना आवडणार नाही: एकही नाही. साखळी, विमान, संथ केलेले सेकंद हे सगळे पाहताना मी चकित होतो, पण त्यांच्या मागे उभी असलेली तंत्रज्ञांची फौजही मला सतत दिसत राहते. ट्रेडमिल कोणीही पाहिलेली असते. तिच्यावर चालून पाहिलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी आपला पाय मागे खेचला गेल्याची ती क्षणभराची भीती ठाऊक असते. त्यामुळे पाहताना आपले स्वतःचे पाय साशंक होतात. वजनहीनता मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांच्या अंगाला माहीत आहे.

प्रश्न : ट्रेडमिल हा शब्द कोठून आला? तेथे 'मिल' म्हणजे गिरणी कशी?
— एक वाचक

विषयापासून किंचित दूर, पण शब्दाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. सुमारे १८१८ मध्ये इंग्लंडमधील अभियंता विल्यम क्यूबिट याने कैद्यांसाठी पायऱ्यांचे एक मोठे फिरते चाक तयार केले. कैद्यांनी त्याच्यावर तासन्‌तास चढत राहायचे. चाक फिरे, कैदी तेथेच. काही तुरुंगांत त्या चाकावर खरोखर धान्य दळले जाई, म्हणून ती पायांनी चालवायची गिरणी. पुढे ते चाक तुरुंगांतून गेले आणि शब्द व्यायामाच्या यंत्राला मिळाला. शिक्षेसाठी जे बनले, त्याच्या नावाचे यंत्र लोक विकत घेऊन घरात ठेवतात याचे मला नेहमी नवल वाटते.

प्रश्न : माझा बारा वर्षांचा भाचा हा व्हिडिओ पाहून घरातल्या ट्रेडमिलवर नाचण्याचा हट्ट धरून बसला आहे. त्याला काय सांगावे?
— एक मामा

'नाही' असे सांगावे, आणि यंत्राची सुरक्षा-किल्ली काढून आपल्या खिशात ठेवावी. ती नसली की बहुतेक यंत्रे सुरूच होत नाहीत. फिरत्या पट्ट्याच्या मागच्या टोकाशी बोटे अडकून किंवा पट्ट्यावर घासून मुलांना वाईट जखमा होतात. व्हिडिओतली मोठी माणसे काही दिवस एका नृत्यदिग्दर्शिकेच्या देखरेखीखाली तेच एक काम करत होती आणि तरीही त्यांना सतरा प्रयत्न लागले, हेही त्याला सांगून पाहावे.

हट्ट तरीही राहिला, तर त्याला 'अ मिलियन वेज' दाखवावा. त्याला यंत्र लागत नाही. एक मोकळी जागा, तीन मित्र आणि कुठेतरी स्थिर ठेवलेला फोन एवढ्यावर भागते. २००६ मध्ये बँडने त्या नाचाची नक्कल करून पाठवण्याची स्पर्धा ठेवली होती, तेव्हा अनेक हौशी गटांनी आपापल्या अंगणांत तो बसवला होता. अट एकच घालावी: चित्रण मध्ये तोडायचे नाही. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नानंतर भाचा आपोआप मोजू लागेल, आणि सतराव्यापर्यंत पोहोचला तर आम्हाला जरूर कळवावे.